मत्स्यावताराची गोळी

उपवासाला काय चालतं आणि काय चालत नाही, हे प्रताप नगरातल्या आमच्या ओळीत मला विचारूनच ठरतं. हे मी मोठेपणानं सांगत नाही. कोणी तरी ठरवायला हवं आणि मी घरी असते. भगर चालते, रताळं चालतं. कोथिंबीर आमच्याकडे चालते, समोरच्यांकडे चालत नाही, आणि त्यावरून दोन घरांत नऊ वर्षं जरा तणाव आहे. एका बाईंनी तर लग्नाच्या पंगतीतून फोन करून विचारलं होतं, "यमुताई, बटाट्याचे काप समोर आहेत, खाऊ का?" मी म्हटलं, आधी तेल कोणतं ते विचारा.

तेलावर माझा कटाक्ष असतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या भजनी मंडळातल्या वैदेहीनं एकादशीला चाळीस साबुदाणावडे तळून आणले होते. वैदेही पतपेढीत नोकरी करते, मंडळात सगळ्यांत लहान. हौसेनं आणले होते बिचारीनं. मी विचारलं तेल कोणतं, तर म्हणाली सोयाबीनचं. मी आवाज चढवला नाही, मला चढवता येतच नाही. एवढंच म्हटलं, "सोयाबीन कडधान्यात धरतात गं. ज्यानं खाल्लं त्याची एकादशी मोडली." चाळीसच्या चाळीस वडे परत गेले. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. पण नियम म्हणजे नियम, असं मला तेव्हा वाटलं. आणि नंतर मी ते विसरूनही गेले.

माझा स्वतःचा बारा वर्षांचा एकादशीचा संकल्प आहे. एकही न मोडता बारा वर्षं, मग माघात उद्यापन. अकरा वर्षं दहा महिने झाले होते. या काळात मला दोनदा ताप आला, एक मोतीबिंदू निघाला, मुलाचं लग्न झालं, त्याची वरात नेमकी एकादशीला निघाली. मोडली नाही. शिवाय रोजचे नेम वेगळे: तुळशीला पाणी, पोथीचा एक अध्याय, आणि पूजा आटपेपर्यंत मौन. आमचे हे म्हणतात, घरातला सर्वांत शांत काळ तो. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. त्यांच्या बोलण्याकडे मी फार लक्ष देत नाही.

तर गोळी. तीन वर्षांपूर्वी गुडघे धरले. मांडी घालून बसता येईना, म्हणजे पूजाच अडली. पुण्याहून आमच्या उन्मेषनं कुरिअरनं डबी पाठवली. म्हणाला, "आई, तेलाची गोळी आहे. रोज एक घे." गोळी सोनेरी, पारदर्शक, दिव्यासमोर धरली तर आत निरांजन दिसायचं. डबीवर मोठ्या अक्षरांत नाव, 'सागरसत्त्व'. त्याच्या खाली सोनेरी, वळणदार मासा. बाकी सगळं मुंगीएवढ्या इंग्रजीत.

मी डबी कपाळाला लावली. औषधाच्या डबीवर मत्स्यावतार छापणारी कंपनी आजच्या काळात कुठे मिळते? नाव सागराचं, म्हणजे समुद्रमंथन. चित्र दशावतारातल्या पहिल्याचं. कोपऱ्यात छोट्या चौकोनात एक तपकिरी त्रिकोणही होता. मला वाटलं, यंत्र आहे. पुड्यांवर हिरवा ठिपका पाहायची मला सवय, त्रिकोणाचं कोणी सांगितलंच नव्हतं.

मंडळात प्रश्न आलाच. "ताई, उपवासाला चालते का?" मी दोन दिवस विचार केला आणि सांगितलं, समुद्रातून निघालेलं मीठ आपण खातो, मग समुद्रातून निघालेल्या तेलानं काय घोडं मारलंय? चालते. माझ्यासकट बारा जणी रोज घेऊ लागल्या. एकादशीला तर तुळशीच्या पानाबरोबर.

माझी भाची गार्गी इथल्याच एका संशोधन संस्थेत पीएचडी करते. राहते वसतिगृहात, रविवारी माझ्याकडे जेवायला येते. विषय विचारला की म्हणायची, "आत्या, लिपिड." लिपिड म्हणजे स्निग्ध पदार्थ, एवढं मला कळलं होतं. मी सगळ्यांना सांगायची, आमची गार्गी तेला-तुपात डॉक्टरकी करून राहिली आहे.

त्या रविवारी ती सकाळीच आली. माझी पूजा चालू होती, म्हणजे मौन. मी तळहातावर तुळशीचं पान ठेवलं, त्यावर गोळी ठेवली, पळीभर पाणी घेतलं आणि गिळली. गार्गी दारात चहा पीत उभी होती. देवघराच्या फळीवरची डबी तिनं उचलली आणि हसली.

"आत्या, तू हे घेतेस? अगं हा तर माझाच विषय. माशाची चरबी."

मी घंटा उचलली आणि वाजवली. बोलता येत नव्हतं आणि दुसरं काही हाताशी नव्हतं. गार्गीला वाटलं मी आणखी विचारून राहिले.

"म्हणजे बघ, मी समुद्रात पिंजरे लावून पाळलेल्या माशांवर काम करते. मोदुसा, जिताडा. मोकळा मासा छोटे मासे खातो, छोटे मासे शेवाळ खातात, आणि ते चांगलं ओमेगा-तीन शेवाळातून वर चढत येतं."

मी जोरात घंटा वाजवली.

"हो, सांगते ना. पाळलेल्या माशाला माणूस चारतो. मासळीचा भुगा महाग, म्हणून त्यात सोयाबीनची पेंड आणि तेल मिसळतात. मग मासा जाडजूड होतो, चरबी वाढते, पण चरबीची जात बदलते. थेट सोयाबीनच्या तेलासारखी व्हायला लागते. मासा जे खातो ते त्याच्या चरबीत उतरतं, आत्या. म्हणून पोषण मोजताना नुसतं किती तेल ते बघून चालत नाही, कोणतं तेल ते बघावं लागतं."

तेलाबद्दलचं हे मत माझंच होतं, पण दाद द्यायच्या स्थितीत मी नव्हते. मी घंटा वाजवतच राहिले. शेवटी हे आतून आले आणि म्हणाले, "आज आरती लवकर का?"

आरती झाली. कशी झाली मला माहीत नाही. पहिला शब्द निघाला तो, "गार्गी, ही गोळी माशाची?"

"हा त्रिकोण मांसाहाराचा, आणि वर मासा तर आहे ना आत्या, एवढा मोठा."

"तो मत्स्यावतार आहे."

गार्गीनं डबी फळीवर परत न ठेवता हळूच पंख्याच्या बटणाखालच्या टेबलावर ठेवली, आणि त्यातच मला सगळं कळलं. मी उन्मेषला फोन लावला. तो म्हणाला, "आई, मला वाटलं तू औषध म्हणून चालवून घेतलंस. मला तर तुझं कौतुकच वाटलं होतं." तीन वर्षं माझा मुलगा माझं माशासाठी कौतुक करून राहिला होता.

त्यानंतर अकरा दिवस मी काय अवस्थेत होते ते देवालाच माहीत. हे समजूत घालत. "यमू, तू खाल्लेलं नाहीस, गिळलंस. चावल्याशिवाय ते खाणं धरत नाहीत." मी विचारलं, कोणत्या शास्त्रात? म्हणाले, "पाटबंधाऱ्यात. पाणी कालव्यातून वाहिलं तर ते कालव्यानं वापरलं असं होत नाही."

गार्गीच म्हणाली, "आत्या, आधी तपासून तर घेऊ. आजकाल डबीवर असतं तेच डबीत असतं असं नाही." मला तो काडीचा आधार वाटला. त्यांच्या संस्थेत बाहेरच्या माणसांसाठी चाचणी कक्ष आहे. तिथं नत्थूजी नावाचे गृहस्थ अर्ज घेतात. अर्जात रकाना होता: नमुन्याचा प्रकार. खाद्य, औषध, पशुखाद्य, इतर. मी कुठंच खूण केली नाही.

"ताई, काही तं लिहा," नत्थूजी म्हणाले. "खाद्य आहे का?"

"खाद्य नाही म्हणून तर आले."

"मंग औषध लिहू?"

"औषध लिहिलं तर ते मुद्दाम घेतल्यासारखं होतं."

नत्थूजींनी चष्मा काढला. "तपासायचं कारण काय लिहू?"

मी अगदी हळू सांगितलं. त्यांनी मागे कोणी नाही ना ते पाहिलं आणि तितक्याच हळू म्हणाले, "एकादशी मी बी करतो, ताई. इतर लिहितो. फाईल वरती ठेवतो." मग अडचण सांगितली. चाचणीला कमीत कमी पन्नास गोळ्या लागत होत्या. माझ्या डबीत चौदा उरल्या होत्या. दुकानातून नव्या घेतल्या तर त्या खेपेच्या निघणार नाहीत. आपल्या पोटात गेल्या त्याच खेपेच्या हव्या, असं गार्गीचं म्हणणं.

म्हणजे मंडळातून गोळा करणं आलं. सगळ्यांसाठी उन्मेषच एकदम पाठवायचा. मी पहिल्यांदा रंभाबाईंकडे गेले. रंभाबाईंचं माहेर नरखेड तालुक्यातलं, इथं तीस वर्षं झाली तरी बोलणं संत्र्याच्या बागेतलंच. मनानं चांगल्या, पण त्यांना काही सांगणं म्हणजे चौकात फळा लावणं.

"रंभाबाई, त्या गोळ्या दहा-बारा उसन्या मिळतील का?"

"काहून वं ताई? तुमच्या सरल्या का?"

"नाही, जरा लागतात."

मला खोटं बोलता येत नाही आणि खरं सांगता येत नव्हतं, त्यामुळे मी गप्प बसले. गप्प बसणं हा सर्वांत वाईट उपाय. रंभाबाईंनी आठ गोळ्या दिल्या, आणि मी तिसऱ्या घरी पोचेपर्यंत ओळभर झालं होतं की सागरसत्त्व बंद होणार आहे आणि यमुताई साठा करून राहिल्या आहेत. मला पन्नास मिळाल्या. पण दुसऱ्या दिवशी सात नव्या बायका दारात. "ताई, आमच्यासाठी पण मागवा ना उन्मेषकडून. तुम्ही घेता म्हणजे पवित्रच असणार." मी नको म्हटलं. नको म्हटल्यावर त्यांचा विश्वास आणखीच वाढला. तुळसाबाई तर ऐंशीच्या, दात नाहीत, म्हणाल्या, "मी दोन-दोन घेईन."

तेव्हा मी ठरवलं. अहवाल येवो न येवो, सांगून टाकायचं. माझी बारा वर्षं जातील ती जातील, पण आणखी सात जणींना मी माशाच्या तोंडी देणार नाही.

मार्गशीर्षातली एकादशी. देवळात मंडळाचं भजन संपलं, आरती झाली, आणि मी उठून उभी राहिले. आजवर मी कधी उठून बोललेली नाही, त्यामुळे सगळ्या वळून बघायला लागल्या. मी म्हटलं, "त्या गोळीत मासा आहे."

मागून कोणी तरी म्हणालं, "ऐकू नाही आलं."

मी पुन्हा म्हटलं. मागच्या बायका एकमेकींना विचारू लागल्या, उद्यापनाची तारीख सांगून राहिल्या का? तेवढ्यात रंभाबाईंनी पेटीजवळचा माईक उचलून माझ्या तोंडासमोर धरला. "हं, आता बोला वं ताई. मोकळ्या मनानं."

देवळाच्या कळसाला भोंगा आहे हे माझ्या तेव्हा ध्यानात नव्हतं. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "मी चुकले. माझ्या सांगण्यावरून आपण सगळ्यांनी तीन वर्षं दर एकादशीला मासा खाल्ला आहे."

माझा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा एवढा मोठा ऐकला. तो चौकातून फिरून परत आला. बाहेर एक स्कूटर थांबल्याचं कळलं. आत समईची वात चरचरत होती.

मग तुळसाबाई म्हणाल्या, "तरीच गुडघे इतके छान झाले."

आणि रंभाबाई. त्यांनी माईक खाली घेतला नव्हता. "तुमाले आत्ता समजलं का ताई? मले तं पहिल्या दिवशीच दिसला मासा डबीवर. मी म्हटलं, यमुताई चालते म्हनून राहिल्या, तं नियम बदलला असन. तवापासून मी एकादशीले दोनदा झिंगे केले."

मी खाली बसले. म्हणजे मला बसवलं. माझ्या एका गोळीमागून रंभाबाईंच्या घरी झिंगे आले होते, आणि तेही मला विचारून, असा त्यांचा हिशेब होता.

घरी पोचेपर्यंत प्रताप नगरानं मला सल्ले दिले. स्कूटरवाल्या गृहस्थांनी रामटेकला अनवाणी जा म्हटलं. समोरच्यांनी, कोथिंबीरवाल्यांनी, फाटकातून नुसतं पाहिलं. त्या पाहण्यात नऊ वर्षांची कोथिंबीर होती. दूधवाला म्हणाला, "आई, गोमूत्र पाठवू का, ताजं आहे." एक ओळख नसलेली मुलगी आली आणि तिनं मला जिताडा कुठे मिळतो ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, मी पारणं फेडायला बसले होते, आणि गार्गी अहवाल घेऊन धावतच आली. धापा टाकत म्हणाली, "आत्या, शून्य."

"काय शून्य?"

"मासा. माशाच्या तेलात जी दोन आम्लं असायलाच हवीत, ती शून्य. पिंजऱ्यातल्या माशाला जन्मभर सोयाबीन चारलं तरी थोडी तरी उरतातच, मी शेकडो नमुने पाहिले आहेत. यात नावालाही नाहीत. कंपनीनं फसवलंय. वरचं टरफल समुद्री शेवाळाचं आहे, ते तेवढं खरं. आत मासा कधी नव्हताच."

मी हात जोडले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एखाद्या लबाड माणसानं माझी बारा वर्षं वाचवली होती. त्याचं भलं व्हावं असंही मनात आलं, ते मी लगेच आवरलं. रंभाबाई दारात उभ्याच होत्या, गार्गीला धावताना पाहून आलेल्या. त्यांचा चेहरा मात्र पडला. "म्हंजे मासा नाहीच? तीन वर्षं नाही? मंग आमी घेतलं काय?"

ह्यांनी अहवाल डोळ्यांजवळ नेऊन वाचला. जुनी सवय, तळटीपेपर्यंत वाचतात. मग म्हणाले, "यमू, यात लिहिलंय की हे सोयाबीनचं तेल आहे."

मी म्हटलं, "बरं झालं की."

"बरं झालं," हे म्हणाले. "फक्त दोन वर्षांपूर्वी तू देवळात म्हणाली होतीस, ज्यानं खाल्लं त्याची एकादशी मोडली."

गार्गीनं अहवाल परत घेतला, जणू त्यात आकडे बदलता येतील. सुमारे सत्तर एकादश्या, आणि प्रत्येकीला तुळशीच्या पानावर ठेवून सोयाबीन. मासा असता तर निदान फसले म्हणता आलं असतं. हा नियम तर माझ्याच तोंडून निघालेला होता.

संध्याकाळी मी वैदेहीकडे गेले. ती पतपेढीतून नुकतीच आली होती, चपलाही काढल्या नव्हत्या. मी सगळं सांगितलं. तिनं पाणी आणलं, माझ्यासमोर बसली, आणि म्हणाली, "काकू, ते चाळीस वडे मी घरी आणून एकटीनं चार दिवस खाल्ले. सासूबाई म्हणाल्या होत्या, पुन्हा देवळात काही नेऊ नकोस."

"आता तूच सांग," मी म्हटलं. "सोयाबीन चालतं का?"

वैदेही उठली, चपला काढून दाराशी नीट लावून आली. तेवढ्या वेळात मला कळलं की माझ्या उत्तराची वाट पाहणाऱ्या बायकांना कसं वाटत असेल. मग ती म्हणाली, "चालतं, काकू. सगळ्यांनाच चालतं. पण तुम्हाला स्वतःला चालेल का, ते मी कसं सांगणार?"

मागचं सोयाबीन मला चालणार नव्हतं. नियम मी केला तेव्हा तो माझ्यावरही होता. मंडळाच्या बायकांची एकादशी शाबूत, तेलाचा नियम आजपासून सगळ्यांना मोकळा, मलाही. माझी मोजणी मात्र पुन्हा पहिल्यापासून. मी त्रेसष्ट वर्षांची आहे. उद्यापन पंचाहत्तराव्या वर्षी. हे म्हणाले, "हरकत नाही, मलाही तेवढं थांबायला कारण झालं." त्यांच्या बोलण्याकडे मी लक्ष देत नाही, पण हे लिहून ठेवलं.

रंभाबाई मात्र शांत बसल्या नाहीत. कंपनीविरुद्ध ग्राहकांची तक्रार तयार करून माझ्याकडेच आल्या, कारण डब्या उन्मेषनं माझ्या नावानं पाठवलेल्या. "ताई, पहिली सही तुमची पायजे." मी वाचलं. 'आम्हांस माशाचे तेल म्हणून जे देण्यात आले, त्यात मासा आढळला नाही. तरी न्याय मिळावा.' आयुष्यभर कांदासुद्धा चातुर्मासात न खाल्लेली मी, मासा न मिळाल्याबद्दल दाद मागत होते. पण फसवणूक ती फसवणूक. मी सही केली. खाली रकाना होता: अर्जदाराचे झालेले नुकसान. रंभाबाई म्हणाल्या, लिवा, मासा भेटला नाही. मी थोडा विचार केला आणि जे खरं होतं ते लिहिलं: 'अर्जदार अकरा दिवस मासे खाल्लेल्या अवस्थेत होती.'

पुढच्या एकादशीला वैदेहीनं वडे आणले. चाळीस. मी तेल न विचारता दोन उचलले, सगळ्यांच्या देखत खाल्ले. छान खुसखुशीत होते. माझी मोजणी त्या दिवशी एक झाली.

गुडघे पुन्हा कुरकुरू लागलेत. गोळीत काही नव्हतं, तर तीन वर्षं ते बरे कशानं होते, हे गार्गीलाही सांगता येत नाही. ती म्हणते, माशातलं ते आम्ल नाही, पण त्याच्या नात्यातलं एक आपल्या जवसात असतं, रोज चमचाभर चटणी खात जा. मंडळात हे कळायला वेळ लागला नाही. परवा भजन सुरू व्हायच्या आधी तुळसाबाईंनी विचारलंच, "यमुताई, उपवासाला जवस चालतं का गं?"

सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या. रंभाबाईंचा हात माईककडे गेला होता.

मी म्हटलं, "वैदेहीला विचारा."